‘विथ मटेरियल’ ठेक्याने फ्लॅटचं नूतनीकरण: एका पावसाळ्यानंतर

नूतनीकरणानंतर ताबा घेतला तेव्हा ठेकेदाराला दिलेले साडेचार तारे खाली आणतोय. कारण खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली आहे, आणि तीही बाथरूमखाली नाही, पॅसेजखाली. ठेकेदाराचं नाव देत नाही, वाद अजून मिटलेला नाही. पुण्यातल्या जुन्या सोसायटीतला फ्लॅट, दोन बाथरूम, किचन, वायरिंग आणि रंग, सगळं मालासकट एकाच माणसाकडे.

चांगलं ते आधी उरकतो. वायरिंग चोख आहे. दिव्यांना दीड चौरस मिमीची वायर, प्लगना अडीचची, गीझर आणि एसीला चारची, प्रत्येकाला स्वतंत्र एमसीबी, वर गळती झाली की वीज तोडणारी ३० मिलिअँपची आरसीसीबी. किचनचा ओटा लेव्हलला. ट्रॉल्यांच्या प्लायवर ‘आयएस ७१०’ चा, म्हणजे मरीन प्लायच्या मानकाचा, शिक्का आहे. तो शीट कापण्याआधीच बघून घ्यावा, कारण कोटेशनमध्ये नुसतं ‘मरीन प्लाय’ लिहिलं की आयएस ३०३ चा साधा माल सहज खपतो. रंगाबद्दल तक्रार नाही, मोजमापाबद्दल आहे, ती पुढे.

आता बाथरूमचा ढाळ. घरातले सगळे म्हणतात एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलाय. पण ओल तिथूनच आली आहे.

मोठं बाथरूम ७ बाय ५ फूट. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं जाळीचं तोंड, दारासमोरच्या कोपऱ्यात, खिडकीखाली. फरशीला निदान ८० ला १ ढाळ हवा, म्हणजे फुटाला साधारण ४ मिमी. सात फुटांत दारापासून ट्रॅपपर्यंत फरशी २७ मिमी उतरली पाहिजे. त्यात बाथरूमची फरशी दाराशी पॅसेजपेक्षा १५ ते २० मिमी खाली धरायची. म्हणजे ट्रॅपची जाळी पॅसेजच्या फरशीखाली ४५ मिमीच्या आसपास बसायला हवी. प्रत्यक्षात ती २० मिमीवर आहे. गवंड्याला खेळायला उरले जेमतेम ५ मिमी, आणि त्यावर २ बाय २ फुटांच्या टाइल. एवढी मोठी टाइल दोन दिशांना वळत नाही. एक कोपरा दाबला की दुसरा वर येतो, मग गवंडी ओठ (वर राहिलेली कड) दिसू नये म्हणून सगळं सपाट करून टाकतो. बाथरूमच्या जमिनीला फूटभराच्याच टाइल घ्याव्यात.

चूक गवंड्याची दिसते, पण ती मुळात क्रमाची आहे. प्लंबर ट्रॅप बसवतो तेव्हा फरशीची अंतिम लेव्हल भिंतीवर मारलेलीच नसते. त्यामुळे तो जुन्या पाइपाला जसा जुळेल तसा बसवतो. कोबा (फरशीखालचा भराव) भरला की ट्रॅप कायमचा अडकला. खरा क्रम असा: हॉलच्या फरशीवरून पाण्याच्या नळीने लेव्हल आणून चारही भिंतींवर रेघ मारायची, रेघेवरून खाली मोजून ट्रॅप पक्का करायचा, मग वॉटरप्रूफिंग, मग कोबा. रेघ मारायला सुपरवायझर लागतो, आणि तो त्या दिवशी दुसऱ्या साइटवर असतो.

या मजकुराच्या पहिल्या खर्ड्यात वॉटरप्रूफिंगलाही झोडपलं होतं. तो भाग काढून टाकला. दारात सिमेंटचा बांध घालून, ट्रॅप बंद करून दोन दिवस पाणी भरून ठेवलं, खाली नवी ओल आली नाही. नळांची लाइनही ठीक. मुख्य कॉक बंद करा किंवा चालू ठेवा, फरक पडत नाही. म्हणजे सन्क स्लॅबमधलं (बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबमधलं) काम पक्कं आहे. कोपऱ्यांना वाटा (गोलाई) मारलाय, कोटिंगचे दोन हात एकमेकांना आडवे दिलेत, ते भिंतीवर फूटभर चढवलंय. कोटिंग फक्त उंबऱ्याशी थांबलंय. अंघोळीचं पाणी ट्रॅपकडे न जाता दाराशी साचतं, चौकटीखालून पॅसेजच्या फरशीखालच्या मालात शिरतं आणि खाली उतरतं. चौकटीचा पाय फुगलाय, स्कर्टिंगवरचा रंग पोपडा धरतोय. बांध घातला की दाराची वाटच बंद होते, म्हणून चाचणी कोरडी आली.

ठेकेदाराचं म्हणणं: डाग बाथरूमखाली नाही, म्हणजे आमचा नाही. तोडगा: उंबऱ्याला सिलिकॉन, ‘आणि अंघोळ झाली की वायपर मारत जा’. सिलिकॉन सुटेपर्यंत टिकतं, आणि वायपरला वॉरंटी नसते. खरी दुरुस्ती म्हणजे दाराकडच्या टाइल उचलून तिथली जमीन १२ ते १५ मिमीने चढवायची, उंबऱ्याखाली कोटिंग वळवून वर घ्यायचं, आणि २० मिमी ग्रॅनाइटचा उंबरा पॅसेजच्या वर काढायचा.

म्हणून ठेकेदार निवडताना मोबाइलमधले फोटो बघू नका, त्यात सगळ्यांचीच बाथरूम देखणी असतात. वर्षभर वापरात असलेलं त्याचं एक बाथरूम दाखवायला सांगा आणि दाराशी बादलीभर पाणी ओता. पाच मिनिटांनी डबकं उरलं नसेल तरच बाकीच्या गप्पा. दाखवायला टाळाटाळ केली तर तेही उत्तरच.

कोटेशन ‘बाथरूम लमसम’, म्हणजे एकच ठोक रक्कम, असं कधीच घेऊ नये. त्यात राडारोडा खाली उतरवणं, टेम्पो, चिपिंग (जुना थर फोडणं), टाइलच्या फटींतला इपॉक्सी ग्राउट, खिडकीच्या कडेचं ग्रॅनाइट, सगळं नंतर ‘एक्स्ट्रा’ म्हणून उगवतं. आयटमवार दर, एकक आणि ब्रँड लिहून घ्या. रंगाचं माप घेताना पेंटर म्हणतो दरवाजाची वजावट नसते. बांधकाम मोजण्याच्या आयएस १२०० या मानकाप्रमाणे अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या भोकाची वजावट नसते हे खरं. पण ३ बाय ७ चा दरवाजा जवळजवळ दोन चौरस मीटर भरतो, त्याची एका बाजूची वजावट होते. घरभर दारं-खिडक्या मोजल्या की आकडा चांगलाच खाली येतो.

बिलाशिवाय रोखीत जीएसटीचे १८ टक्के वाचतात हे आमिष मलाही गोड लागतं. पण तो लावायचा तर नोंदणी क्रमांक आणि पक्कं बिल हवंच, आणि नोंदणी नसलेल्याला तो लावता येत नाही. रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याच्या कलम १४(३) मधली पाच वर्षांची जबाबदारी इमारत विकणाऱ्या प्रवर्तकावर आहे, घरात काम करणाऱ्या ठेकेदारावर नाही. इथे हाती राहतो तो ग्राहक आयोग, आणि तिथे बिल अन् करार लागतो. करारात ‘गळती’ एवढंच न लिहिता ‘फरशीवर पाणी साचणे’ हेही लिहावं. त्या तीन शब्दांअभावीच इथे वाद लांबलाय. बिलाचे ५ टक्के राखून ठेवलेत म्हणून ठेकेदार निदान फोन तरी उचलतो.

शेवटचं, टाइलच्या पेट्यांचं. मालासकट ठेक्यात उरलेल्या पेट्या ठेकेदार दुकानात परत करून पैसे घेतो. प्रत्येक बाथरूममागे एक पेटी करारातच मागून ठेवा. दाराकडच्या टाइल उचलताना निदान दोन-तीन फुटणार, आणि तो शेड आता दुकानात मिळत नाही.