रबाळ्यातलं वर्कशॉप: फॅब्रिकेशन पक्कं, कासव मात्र मोजून घ्या

रबाळे एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याने ऐरोलीच्या एका शाळेच्या अंगणात सागरी कासवांचं प्रदर्शन उभं केलंय: सहा तिरके फलक, ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाचं फायबरचं मॉडेल आणि घरट्याचा छेद. खाडी हाकेच्या अंतरावर, म्हणजे बारा महिने खारा वारा. एक पावसाळा निघाला, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

फलकांना पैकीच्या पैकी. कोटेशनमध्ये आधी 'एसीपीवर व्हिनाइल', म्हणजे ॲल्युमिनियमच्या पातळ पॅनेलवर छापील स्टिकर, असं लिहून येतं, ते खोडा. उन्हात व्हिनाइलच्या कडा उचलतात आणि उरलेलं काम पोरांची नखं करतात. छपाई आत दाबलेला ६ मिमीचा एचपीएल (कागदाचे थर रेझिनने दाबून केलेला कडक पत्रा) मागा; तो बाहेरून करून आणतात, आठवडाभर जास्त लागतो. स्टँड ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचेच घ्या, कारण खाडीकाठी नेहमीच्या ३०४ ग्रेडवरही चहा सांडल्यासारखे तांबूस डाग पडतात. स्क्रूची भोकं त्यांनी न सांगता २ मिमी मोठी ठेवली होती. एचपीएल दमटपणाने फुगतो-आक्रसतो, आवळून बसवला की भोकापासून तडकतो. खालची कड जमिनीपासून ७५ सेंमी आणि उतार ३० अंश ठेवला, की चौथीतल्या मुलालाही वाचता येतं आणि पाणीही साचत नाही.

मजकुराचं मात्र डोळ्यात तेल घालून बघा. युनिकोडमधला मजकूर त्यांच्या जुन्या कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये गेला की जोडाक्षरं फुटतात. पहिल्या प्रुफात 'विणीचा हंगाम'मधली पहिली वेलांटी 'व' सोडून 'ण'वर बसली होती. मजकूर आपणच कर्व्हमध्ये (म्हणजे अक्षरांऐवजी रेघांच्या आकारात) बदलून पीडीएफ द्यावी, विषय संपला.

आता कासव. ऑलिव्ह रिडलेच्या पाठीवर मधल्या ओळीच्या दोन्ही बाजूंना बहुधा सहा ते आठ खवले असतात, कधी दोन्हीकडची संख्या सारखीही नसते. पहिलं मॉडेल चार-चार खवल्यांचं आलं. म्हणजे अंगाने 'ग्रीन टर्टल' ही दुसरीच जात आणि रंगाने रिडले! पुढच्या पायांना बोटंही कोरली होती, विहिरीतल्या कासवासारखी. सागरी कासवाला वल्ही असतात. पाठीवरचा सॅटेलाइट टॅग (कासवाचा माग काढणारं यंत्र) मागच्या बाजूला, तोही बोल्टने ठोकलेला. खरा टॅग कवचाच्या पुढच्या उंचवट्यावर इपॉक्सीने चिकटवतात. खाऱ्या पाण्यातून रेडिओलहरी जात नाहीत, म्हणून कासव श्वास घ्यायला वर आलं की अँटेना आधी पाण्याबाहेर यायला हवी. जानेवारी २०२२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला टॅग लावलेल्या 'प्रथमा' या ऑलिव्ह रिडले मादीच्या फलकाशेजारीच हे मॉडेल बसायचं होतं, चूक लपली नसतीच. त्यांनी कुरकुर न करता साचा नव्याने केला, पण तीन आठवडे गेले. चूक टाळायची तर वरून आणि बाजूने काढलेलं, खवले मोजून दाखवणारं १:१ रेखाटन ऑर्डरसोबतच द्या. कवचाची लांबी ६५ सेंमी पुरे. आतून प्लायच्या पट्ट्या मारून घ्या, कारण मुलं त्यावर बसणार हे ठरलेलंच. पोकळ फायबर वल्ह्याच्या सांध्यात चिरतं.

घरट्याचा छेद हा सगळ्यात फसलेला आणि दुरुस्तीनंतर सगळ्यात चांगला झालेला भाग. खड्डा सुमारे ४५ सेंमी खोल, चंबूच्या आकाराचा, आत शंभरावर अंडी. अंड्यांसाठी टेबल टेनिसचे चेंडू वापरले होते. ४० मिमी, मापाला अचूक, पण बंद पेटीतल्या उन्हाने ते पिवळे पडून पोचट झाले. आता पांढऱ्या रेझिनचे भरीव गोळे आहेत. सुटी वाळू आत ओल धरते आणि ॲक्रिलिकवर वाफ बसते. त्याऐवजी फायबरच्या भिंतीवर इपॉक्सीने वाळू चिकटवा आणि पेटीच्या तळाला जाळीची भोकं ठेवा. बाजूला वाळूचं तापमान दाखवणारी पट्टी आहे: साधारण २९ अंशांच्या वर माद्या जास्त, खाली नर जास्त. शिक्षकांसकट सगळे तिथेच रेंगाळतात.

बिल चोख, पण पाया खोदणं आणि काँक्रीट वेगळं लावतात, आधीच विचारा. ऑर्डर सप्टेंबरअखेरीस द्या. भर पावसाळ्यात जेलकोट (फायबरवरचा रंगीत वरचा थर) नीट सुकत नाही, चिकट राहतो. आणि कोकणात वीण नोव्हेंबरच्या सुमारास सुरू होते, तोवर फलक उभे हवेत.