रोममध्ये स्वस्तात राहायचं तर तेर्मिनीजवळचं टू-स्टार की नन्सचं गेस्टहाऊस?

रोमचं ठरलं की तिकीट, व्हिसा, इन्शुरन्स हे सगळं असतंच, पण खरा वेळ खातं ते हॉटेल. साइटवर सगळ्या खोल्या सारख्याच दिसतात, पांढरी चादर, घडी घालून ठेवलेला टॉवेल, भिंतीवर कोलोसियमचा फोटो, आणि भाव मात्र सत्तर युरोपासून दोनशेपर्यंत कुठेही. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तर चार रात्रींचा आकडा बघूनच घरात शांतता पसरते. कमी बजेटमध्ये आपल्याकडच्या लोकांना परवडतील असे दोन सरळ पर्याय आहेत, एक म्हणजे तेर्मिनी स्टेशनच्या आसपासची वन-स्टार टू-स्टार हॉटेलं आणि दुसरा म्हणजे नन्सनी किंवा चर्चच्या संस्थांनी चालवलेली गेस्टहाऊस, ज्यांना तिकडे 'कासा पेर फेरिए' म्हणतात. तिसरा पण आहे, फ्लॅटमधल्या खोल्या, त्याचं शेवटी बघू.

एक आधीच सांगते, खोली खोली म्हणून फार डोकं लावू नका. या भावात खोली छोटीच मिळणार, बाथरूम त्याहून छोटं. फरक पडतो तो दाराने, म्हणजे दार कोण उघडतं, किती वाजेपर्यंत उघडतं आणि त्या दारापर्यंत बॅगा चढवायला किती जिने आहेत.

आधी तेर्मिनी. स्टेशनच्या दोन बाजू आहेत आणि दोन्हीचा स्वभाव वेगळा. उत्तरेला व्हिया मार्साला ('व्हिया' म्हणजे रस्ता) ओलांडली की व्हिया माजेन्ता, व्हिया पालेस्त्रो, कास्त्रो प्रेतोरियो असा भाग, इथे युनिव्हर्सिटी जवळ, बॅकपॅकवाली पोरं, लाँड्री, स्वस्त पिझ्झा, एकंदर बरं. दक्षिणेला व्हिया जोलित्ती, व्हिया प्रिन्चिपे आमेदेओ आणि पुढे पियात्सा व्हित्तोरियो, हा एस्क्विलिनो. दिसायला जरा कळकट, रात्री स्टेशनच्या भिंतीलगत लोक झोपलेले असतात, ते बघून आईबाबा घाबरतात, पण तिथे मुख्य भीती खिसा कापला जाण्याची, आणि ती मेट्रोत आणि व्हॅटिकनला जाणाऱ्या ६४ नंबरच्या बसमध्येही तेवढीच. उलट एस्क्विलिनोचा एक मोठा फायदा म्हणजे जुन्या बराकींमध्ये भरणारा बंदिस्त बाजार, सकाळी जा, हिरवी मिरची, कोथिंबीर, भेंडी सगळं मिळतं, बांगलादेशी दुकानदार हिंदीत भाव सांगतात. रविवारी बंद. किचन असलेली जागा घेतली असेल तरच त्याचा उपयोग, नाहीतर नुसतं बघून जीव जळतो.

या भागातल्या बिल्डिंगा बहुतेक १८७१ मध्ये रोम राजधानी झाल्यानंतर बांधलेल्या, पाच-सहा मजली, उंच सिलिंगच्या. आणि तुमचं 'हॉटेल' म्हणजे बऱ्याचदा अशा बिल्डिंगचा एखादा मजला, अर्धा मजला सुद्धा. खाली भलंमोठं लाकडी दार, बाजूला पितळी पाटीवर घंटांची रांग, त्यात वकील, डेंटिस्ट, आणि तीन वेगवेगळी हॉटेलं, तुमच्या हॉटेलचं नाव लहान अक्षरात. बेल दाबायची, वरून कोणीतरी काहीतरी इटालियनमध्ये म्हणतं, टर्रर आवाज होतो आणि दार ढकलायचं. आत संगमरवरी जिना आणि मधल्या पोकळीत नंतर बसवलेली लिफ्ट, गिरगावातल्या जुन्या बिल्डिंगसारखी जाळीची, आत दोन लाकडी झडपा, त्या कोणी वर नीट लावल्या नाहीत तर लिफ्ट खाली येतच नाही, तुम्ही बटण दाबत बसा. एक माणूस आणि एक मोठी बॅग, बस. चार जणांच्या कुटुंबाला बॅगांसकट वर पोचायला अर्धा तास सहज जातो आणि सगळ्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात. म्हणून बुक करताना लिफ्ट आहे का एवढंच विचारू नका, रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत आणि ती तुमच्या मजल्यापर्यंत जाते का ते पण विचारा.

वन-स्टारमध्ये बाथरूम कॉमन असू शकतं. टू-स्टारमध्ये बहुतेक आत असतं पण 'प्रायव्हेट बाथरूम' लिहिलेलं असून ते कॉरिडॉरमध्ये समोर, चावी तुमच्याकडे, असाही प्रकार आहे. तिथे एक शब्द वाढवून लिहिलेला असतो, 'एस्तेर्नो', म्हणजे खोलीबाहेर. आजीआजोबा रात्री दोनदा उठणारे असतील तर हे वाचून घ्या. आपला जेट स्प्रे नसतो पण बिडे, म्हणजे कमोडशेजारी धुण्यासाठीचं बुटकं बेसिन, असतो बऱ्याच ठिकाणी, इटलीत १९७५ पासून घरांच्या बाथरूमसाठी तो नियमातच आहे, त्यामुळे हॉटेलातही सवय आहे, हा इटलीचा मोठा प्लस पॉइंट, पॅरिस-लंडनला ही चैन नाही. आणि शॉवरमध्ये एक दोरी लोंबत असेल तर ती कपडे वाळत घालायची नाही हो, ती ओढली की रिसेप्शनवर अलार्म वाजतो आणि माणूस धावत येतो.

आता नन्सची गेस्टहाऊस. ही शहरभर आहेत पण व्हॅटिकनच्या आसपास आणि व्हिया आउरेलियाच्या बाजूला जास्त. ख्रिश्चन असायची गरज नाही, कोणी विचारत पण नाही. खोली म्हणजे दोन सिंगल बेड, टेबल, कपाट, भिंतीवर क्रूस, टीव्ही असेल-नसेल. स्वच्छता मात्र अशी की तेर्मिनीच्या टू-स्टारवाल्यांना तिथे ट्रेनिंगला पाठवावं. फरशी चकचकीत, चादरीला इस्त्री, रात्री शांतता, खाली बाग किंवा आतलं अंगण. नाश्ता साधा, पाव, जॅम, कॉफी, दूध, कधी दही. रोममध्ये केरळच्या बऱ्याच सिस्टर काम करतात, त्यातली कोणी तिथे असली तर आईबाबांची चंगळच, चहात दूध किती घालायचं ते वेगळं सांगावं लागत नाही.

मग अडचण कुठे? दारातच. अनेक ठिकाणी रात्री अकरा-साडेअकराला गेट बंद. काही ठिकाणी चावी देतात, काही ठिकाणी अजिबात नाही. रोममध्ये, विशेषतः उन्हाळ्यात, लोक जेवायलाच साडेआठ-नऊला बसतात, नंतर पियात्सा नावोना, त्रेव्ही असं फिरत फिरत यायचं म्हटलं तर साडेदहापासून घड्याळ बघायला लागतं. लग्नानंतरची पहिली ट्रिप असेल तर माझं स्पष्ट मत, जाऊ नका तिकडे, दोन सिंगल बेड आणि साडेअकराचं गेट, कशाला? आणि गल्फवरून येणारी तुमची फ्लाइट रात्री उतरत असेल तर पहिल्या रात्रीपुरतं तरी दुसरीकडे बघा.

बुकिंगचा पण फरक आहे. टू-स्टार साइटवर दोन मिनिटात होतं, फ्री कॅन्सलेशन मिळतं, शेंगेन व्हिसासाठी कागद लगेच हातात. नन्सकडे बऱ्याचदा इमेल करावा लागतो, उत्तर दोन-चार दिवसांनी येतं, कधी अॅडव्हान्स बँक ट्रान्सफरने मागतात, म्हणजे बँकेचे चार्जेस आणि धाकधूक. व्हिसाच्या आधी पैसे अडकवायचे नसतील तर हे लक्षात घ्या. उत्तर आलं की त्यांच्याकडून सगळ्यांची नावं, तारखा, पत्ता लिहिलेलं लेटर मागा, देतात.

पैशाचं बोलायचं तर दोन्हीत आकाशपाताळाचा फरक नाही. ऑफ सीझनला, म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी, ख्रिसमस सोडून, दोघांची खोली सत्तर-ऐंशी युरोच्या आसपास सापडते, एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला तीच सव्वाशे-दीडशे. नन्सचे भाव सीझनमध्ये कमी उडतात, तो त्यांचा फायदा. हॉटेलात सिटी टॅक्स वेगळा, तो साइटवरच्या मोठ्या आकड्यात धरलेला नसतो बऱ्याचदा. माणशी रात्रीला वन-स्टारला ४ युरो, टू-स्टारला ५, थ्री-स्टारला ६, दहा वर्षांखालच्या मुलांना माफ. म्हणजे दोघं, चार रात्री, टू-स्टार, झाले ४० युरो वरचे, आणि काही ठिकाणी ते कॅशच मागतात. फसवणूक नाही ही, सरकारी आहे, फक्त पावती घ्या. पासपोर्ट मागतील तेव्हा पण कटकट करू नका, प्रत्येक पाहुण्याची माहिती पोलिसांना चोवीस तासात कळवणं त्यांना बंधनकारक आहे, हॉटेल असो की कॉन्व्हेंट, म्हणजे नन्सचं गेस्टहाऊस.

एसी हा वेगळाच विषय. जुलै-ऑगस्टमध्ये पस्तीसच्या वर पारा जातो आणि कॉन्व्हेंटच्या जाड भिंतींवर विसंबून राहिलात तर वरच्या मजल्यावर भाजून निघाल. सगळीकडे एसी नसतो, हॉटेलात असला तरी काही ठिकाणी त्याचे दिवसाला वेगळे पैसे लावतात. खिडकीला जाळी नसते, त्यामुळे उघडी ठेवली की डास, हो, रोममध्ये डास आहेत आणि दिवसा पण चावतात. खोलीत केटल धरून चालू नका, आपली छोटी न्या, आणि प्लगचं बघा, इटलीचं सॉकेट एका रेषेत तीन भोकांचं असतं, मोबाइल चार्जरची बारीक दोन पिन जाते पण आपली जाड तीन पिन जात नाही.

खाण्याचं मी हॉटेलवर ठरवणार नाही. टू-स्टारचा नाश्ता म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतला क्रोसाँ, कडक टोस्ट आणि मशीनची कॉफी, त्यासाठी माणशी सात-आठ युरो जास्त लावत असतील तर नको म्हणा. खाली कुठल्याही बारमध्ये (दारूचा नव्हे, कॉफीचा) काउंटरला उभं राहून कॉर्नेत्तो (तिकडचा क्रोसाँ) आणि कापुचिनो साधारण तीन-साडेतीन युरोत होतं, टेबलवर बसलात की भाव वाढतो. व्हेज लोकांना पिझ्झा अल तालियो, वजनावर कापून देतात, बटाट्याचा, टोमॅटोचा, झुकिनीचा, बोट दाखवायचं आणि किती मोठा तुकडा ते हाताने सांगायचं. पाणी विकत घेऊ नका, रस्त्यावर नळ आहेत अडीच हजाराच्या आसपास, पाणी उत्तम आणि गार.

फिरण्याच्या दृष्टीने बघाल तर तेर्मिनी जिंकतं. मेट्रोच्या ए आणि बी दोन्ही लाइन तिथेच मिळतात, कोलोसियम दोन स्टेशन, व्हॅटिकनसाठी ओत्ताव्हियानो सहा स्टेशन, तिकीट दीड युरो. विमानतळावरून लिओनार्दो एक्सप्रेस थेट इथेच येते, ३२ मिनिटं, १४ युरो. एका दिवसात नेपल्स-पॉम्पेई किंवा फ्लॉरेन्स करायचं असेल तर सकाळी सातची ट्रेन पकडायला खोलीतून चालत निघता येतं, कॉन्व्हेंटमधून निघायचं तर नाश्ता बुडाला आणि मेट्रोची धावपळ.

व्हॅटिकनजवळच्या कॉन्व्हेंटचा फायदा एकच पण भारी आहे, सकाळी सातला सेंट पीटर्स चर्च उघडतं तेव्हा तुम्ही दारात. दहा वाजता चौकात गोल फिरलेली जी रांग असते, उन्हात, तासतास, ती टळते. पण कोलोसियम, शेजारचे फोरमचे प्राचीन अवशेष, मोन्तीची जुनी वस्ती हे सगळं लांब पडतं, दुपारी खोलीवर येऊन जरा आडवं व्हायचं असेल, ज्येष्ठांना ते लागतंच, तर रोज दोनदा मेट्रो-बस होते.

फ्लॅटमधल्या खोल्यांचं थोडक्यात. भाव चांगला, खोली नवी, किचन मिळू शकतं, पण दारात माणूस नाही, कोड व्हॉट्सअॅपवर येतो, नाही आला तर तुम्ही बॅगा घेऊन रस्त्यावर, मालक फोन उचलत नाही, हे आमच्या ओळखीत घडलंय. २०२५ पासून प्रत्येक जाहिरातीत सीआयएन नावाचा सरकारी नंबर असावाच लागतो, तो दिसत नसेल तर पुढे सरका. चार मित्र किंवा दोन कुटुंबं असतील तर हे स्वस्त पडतं, नुसत्या आईबाबांना एकटं पाठवत असाल तर नको.

मी कोणाला काय सांगेन? पासष्टीच्या पुढचे, फक्त रोम, चार-पाच रात्री, लवकर झोपणारे, ऑक्टोबर ते एप्रिल: कॉन्व्हेंट, डोळे झाकून, फक्त लिफ्ट आणि गेटची वेळ लिहून घ्या. तरुण जोडपं, किंवा एक-दोन दिवस बाहेरगावी जाणारे, किंवा रात्री उशिरा उतरणारे: तेर्मिनीची उत्तर बाजू, टू-स्टार, बाथरूम आत, रिसेप्शन चोवीस तास. शेवटचं रिव्ह्यूत शोधा, कारण छोट्या हॉटेलात रिसेप्शनचा माणूस रात्री आठ-नऊला घरी जातो आणि उशिरा चेक-इनचे वीस-तीस युरो वेगळे लागतात. लहान मुलं असतील तर उत्तरेलाच पण रस्त्याकडची नको, आतल्या चौकाकडची खोली मागा, व्ह्यू म्हणजे समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे, पण अॅम्ब्युलन्सचे भोंगे ऐकू येत नाहीत आणि पोरं झोपतात.