क्वान्सरचे शेक टेबल आय-४० आणि सक्रिय वस्तुमान अवमंदक : नागपूरच्या प्रयोगशाळेतून परीक्षण

नियंत्रण प्रणाली शिकवणाऱ्या विभागाकडे मोटार, जागा मोजणारा एन्कोडर आणि सिम्युलिंक हे संगणकीय प्रतिमानाचे सॉफ्टवेअर असते. भूकंप अभियांत्रिकी शिकवणाऱ्या विभागाकडे फळा, आयएस १८९३ या भूकंपरोधक रचनेच्या भारतीय मानकाची प्रत आणि प्रतिसाद वर्णपटाचे (कोणत्या वारंवारतेची इमारत भूकंपात किती हलेल, ते दाखवणारे) आलेख असतात. या दोघांना एका बाकावर आणणारी उपकरणे बाजारात फार नाहीत. क्वान्सर या कॅनडातील कंपनीचे शेक टेबल आय-४०, म्हणजे भूकंपासारखे हलणारे टेबल, आणि तिचाच एएमडी-१ हा सक्रिय वस्तुमान अवमंदक, म्हणजे मोटारीने वजन हलवून इमारतीचे डोलणे शमवणारे साधन, ही त्यांतली दोन. नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात पदवीच्या विद्यार्थ्यांकडून ती हाताळून घेताना जे दिसले, ते उपकरण खरेदीचा विचार करणाऱ्या शिक्षकांसाठी येथे मांडत आहे.

शेक टेबल आय-४० हे एकाच दिशेत हलणारे टेबल आहे. मोटार एक बॉल स्क्रू फिरवते, त्यावर वरची पाटी मागे-पुढे सरकते आणि एन्कोडर तिची जागा मोजत राहतो. एकूण सरक ४० मिलिमीटर, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना २० मिलिमीटर. दीड किलोचे वस्तुमान ते १ जी, म्हणजे गुरुत्वत्वरणाइतक्या, त्वरणाने हलवू शकते. माहितीपत्रकात हे आकडे शेजारी-शेजारी वाचले की कोणताही भूकंप या टेबलावर चालवता येईल असे वाटते, आणि नेमके येथेच खरेदी करणाऱ्याने कागद-पेन घेऊन बसावे. कमाल त्वरण हे विस्थापन आणि कोनीय वारंवारतेचा (सेकंदाची आवर्तने गुणिले २π) वर्ग यांचा गुणाकार असते. त्यामुळे सेकंदाला एक आवर्तन या वेगाने हे टेबल पूर्ण सरक वापरूनही जेमतेम ०.०८ जी देते. दोन आवर्तनांना ०.३२ जी मिळतात, आणि पाच आवर्तनांना १ जी गाठायला केवळ १० मिलिमीटर पुरतात. संथ आणि लांब हेलकावे हा या टेबलाचा प्रांत नव्हे.

१९४० च्या एल सेंट्रो भूकंपाच्या नोंदीत जमिनीचे विस्थापन दहा सेंटिमीटरच्या पुढे जाते, म्हणून ती जशीच्या तशी येथे चालवता येत नाही. वेळ तिपटीने आकसली तर त्वरण तेवढेच राहून विस्थापन नवव्या हिश्श्यावर येते. मात्र मग टेबलावर ठेवलेल्या इमारतीच्या प्रतिकृतीची नैसर्गिक वारंवारताही (धक्का दिल्यावर ती आपणहून ज्या वारंवारतेने डोलते ती) मूळ इमारतीच्या तिप्पट ठेवावी लागते. हा हिशेब विद्यार्थ्यांनीच करावा, असा माझा आग्रह आहे. तयार फाइल निवडून बटण दाबले की टेबल हलते, सगळे खूश होतात आणि कोणीही काही शिकत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची, धरणाच्या गॅलरीत मिळालेली नोंद या दृष्टीने फार उपयोगी आहे. तिच्यात त्वरण मोठे असले तरी जोर उच्च वारंवारतांवर आहे, त्यामुळे आखूड सरकेच्या टेबलाला ती तुलनेने मानवते. शिवाय आपल्या राज्यातील भूकंप टेबलावर चालतो आहे, हे कळल्यावर मुले पुढे सरकून पाहतात.

प्रतिकृतींच्या बाबतीत दीड किलोची मर्यादा सतत आठवावी लागते. हिंगणा एमआयडीसीतील एखाद्या वर्कशॉपमधून ॲल्युमिनियमच्या पाट्या आणि स्प्रिंग स्टीलच्या पट्ट्या कापून घेतल्या की दोन-तीन मजल्यांचा सांगाडा सहज उभा राहतो. स्तंभाचा ताठरपणा सूत्राने काढला, त्यावरून वारंवारता काढली, आणि नंतर सांगाड्याला बोटाने हलकेच ढकलून ती मोजली, तर मोजलेली वारंवारता जवळपास नेहमी कमी भरते, कारण सूत्रात गृहीत धरलेला पक्का जोड प्रत्यक्षात तितका पक्का नसतो. पायाशी असलेला ॲलन स्क्रू पाव फेरा आवळला की आलेखावरचे शिखर किंचित उजवीकडे सरकते. वरच्या मजल्यावर वजन वाढवले की तेच शिखर डावीकडे येते आणि पायावरचा जोर बदलतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात मातीच्या जड छतांची, दगड-मातीच्या भिंतींची घरे का कोसळली, यावर बोलण्याची खरी वेळ ती असते. वर्धा रोडवरील मेट्रोच्या दुमजली पुलाखालून रोज येणाऱ्या विद्यार्थ्याने ‘सर, एकाच खांबावर इतके वजन असले तर त्याची वारंवारता किती?’ असे विचारले, आणि त्या दिवशीचा पुढचा तास त्यातच गेला.

एएमडी-१ हा माझ्या मते या जोडीतील अधिक मोलाचा भाग आहे. लवचीक स्तंभांवर एक मजला, त्यावर दात्यांच्या पट्टीवरून मोटारीने धावणारी गाडी आणि मजल्याचे त्वरण मोजणारा संवेदक, एवढीच रचना. नियंत्रण बंद ठेवून मजल्याला धक्का दिला तर तो बराच वेळ डोलत राहतो. चालू केले की गाडी उलट धाव घेते आणि डोलणे काही आवर्तनांत विरते. तैपेई १०१ या इमारतीत ६६० टनांचा गोळा हेच काम मोटारीवाचून करतो, त्यामुळे निष्क्रिय आणि सक्रिय अवमंदनातील फरकही येथेच शिकवता येतो. फीडबॅकचा गेन, म्हणजे मोजलेल्या हालचालीला मोटार किती जोराने उत्तर देते ते प्रमाण, वाढवत नेला की आधी सुधारणा दिसते, मग गाडी थरथरू लागते, कारण त्वरणाच्या संकेतातला गोंगाटही तितकाच वाढलेला असतो. प्रणालीचा प्रतिसाद ठरवणाऱ्या ध्रुवांची जागा कागदावर हलवणारा विद्यार्थी ही थरथर पाहून प्रथमच निरीक्षक, म्हणजे थेट न मोजलेल्या राशींचा अंदाज बांधणारा ऑब्झर्व्हर, कशासाठी लागतो हे विचारतो.

उणीव खर्चाची आहे. क्वार्क हे चालक सॉफ्टवेअर मॅटलॅब आणि सिम्युलिंकवर चालते, म्हणून परवान्यांचा खर्च उपकरणाच्या किमतीबरोबरच अंदाजपत्रकात धरावा. फक्त रेझोनन्स, म्हणजे नैसर्गिक वारंवारतेला हलवल्यावर डोलणे वाढत जाणे, दाखवायचा असेल, तर क्रॅंकवर चालणारे साधे टेबल पुरेसे आहे आणि ते स्थानिक पातळीवर बनवता येते. ते ठरावीक वारंवारतेची साइन लहर देते, भूकंपाची नोंद नाही.

नागपूर आयएस १८९३ च्या २०१६ च्या नकाशात भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या क्षेत्र दोनमध्ये आहे म्हणून हा खर्च अनावश्यक, असा आक्षेप येतो. २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप आपल्यापासून फार दूर नव्हता, आणि येथून बाहेर पडणारे अभियंते अधिक धोक्याच्या क्षेत्र चार-पाचमध्येही इमारती उभारतात. स्थापत्य आणि विद्युत या दोन विभागांनी मिळून घ्यायची तयारी असेल, तर दोन्ही उपकरणे घ्यावीत. एकाच विभागाचे पैसे असतील, तर आधी एएमडी-१ घ्यावा, कारण टेबलाशिवाय, नुसत्या बाकावर ठेवूनही त्यावर बरेच प्रयोग होतात.