मिठाचे माप: घरच्या खाऱ्या टाकीसाठी घेतलेला रिफ्रॅक्टोमीटर, दीड वर्षानंतर

आमच्या दिवाणखान्यात 200 लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे आणि तिच्यात क्लाऊनफिशची एक जोडी, एक डॅमसेल, पाच-सहा गोगलगायी आणि थोडे प्रवाळ एवढाच परिवार राहतो. इंदूरहून समुद्र पाहायचा तर रात्रभराचा प्रवास करावा लागतो. त्यामुळे पिशवीतले कृत्रिम समुद्री मीठ आरओच्या पाण्यात विरघळवून आमचा समुद्र घरीच तयार होतो. तो पुरेसा खारट झाला की नाही हे पाहण्यासाठी दीड वर्षापूर्वी 1,850 रुपयांना घेतलेल्या हाती रिफ्रॅक्टोमीटरचे हे परीक्षण आहे. खोक्यावर उत्पादकाचे नाव नाही. रबरी मुठीची, याच घडणीची उपकरणे अनेक छापांनी विकली जातात, म्हणून येथे लिहिलेले बरेचसे त्या सर्वांना लागू पडावे.

हे उपकरण घ्यावे लागले ते एका कोळंबीमुळे. आधी आमच्याकडे प्लॅस्टिकचा, हलत्या काट्याचा हायड्रोमीटर होता. मी तो वापरल्यानंतर धुवून ठेवत नसे, त्यामुळे काट्यावर मिठाचे पापुद्रे साचून तो जड झाला आणि घनता प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवू लागला. काटा 1.022 वर दिसला म्हणून मी आठवडाभर मीठ वाढवत राहिलो आणि तो 1.025 वर आल्यावर समाधानाने थांबलो. त्यानंतर तिसऱ्या दिवशी आमची क्लीनर श्रिंप कात टाकता टाकता मेली आणि गोगलगायी तळाशी तोंडे मिटून पडल्या. मासेविक्रेत्याच्या रिफ्रॅक्टोमीटरवर तेच पाणी दर हजारी 39 (म्हणजे किलोभर पाण्यात 39 ग्रॅम क्षार) भरले. खुल्या समुद्राचे पाणी साधारण 35 असते. समुद्री माशाच्या शरीरातील द्रव समुद्राच्या पाण्याच्या सुमारे एक तृतीयांशच खारट असल्यामुळे त्याच्या अंगातले पाणी सतत बाहेर ओढले जाते, आणि ते भरून काढण्यासाठी मासा समुद्राचे पाणी पितो व जादा मीठ कल्ल्यांवाटे टाकून देतो. क्लाऊनफिशने ही वाढीव मेहनत निभावली, पण कोळंबीला तशी सोय नव्हती.

वापर अगदी सोपा आहे. तिरक्या काचेवर दोन-तीन थेंब टाकायचे, झाकण मिटायचे, बुडबुडा राहिलेला नाही हे पाहायचे आणि उजेडाकडे रोखून दुर्बिणीसारखे पाहायचे. वरचा निळा भाग आणि खालचा पांढरा भाग जिथे मिळतात, ती रेषा म्हणजे वाचन. एका बाजूला दर हजारी क्षारता आणि दुसऱ्या बाजूला घनता असते. पाण्यात मीठ जितके जास्त तितका प्रकाश अधिक वाकतो, एवढ्याच तत्त्वावर हे चालते. थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट थांबावे, म्हणजे थेंबाचे तापमान काचेइतके होते. मी पूर्वी घाई करत असे आणि दर वेळी वेगळे वाचन येई. तापमानाची दुरुस्ती आपोआप होते असे खोक्यावर लिहिले आहे, मात्र तिची मर्यादा 10 ते 30 अंशांची आहे. मे महिन्यात आमच्या माळ्यावरच्या खोलीत ती सहज ओलांडली जाते, म्हणून आता उपकरण खालच्या मजल्यावर, कपड्यांच्या कपाटात ठेवतो.

खरी अडचण सोबतच्या चिठ्ठीत आहे. आरओच्या पाण्याने शून्य जुळवा, एवढेच तीत सांगितले आहे आणि सहा महिने मी तेवढेच करत होतो. पण स्वस्त उपकरणांपैकी अनेकांची पट्टी साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असते, आणि समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, सल्फेट असे बरेच काही असल्याने दोन्हींत प्रकाश सारखा वाकत नाही. म्हणून शून्यावर बरोबर असलेले उपकरण 35 वर चुकू शकते. यावर उपाय म्हणजे 35 च्या तयार द्रावणाने जुळवणे. ते आमच्या दुकानात नव्हते, म्हणून मी घरीच केले: वजनाने 3.65 टक्के साध्या मिठाचे द्रावण प्रकाश वाकवण्यात 35 च्या समुद्राच्या पाण्याइतकेच ठरते. 3.65 ग्रॅम मीठ आणि 96.35 ग्रॅम पाणी मोजणे स्वयंपाकघरातल्या काट्याच्या आवाक्याबाहेरचे होते. ज्या सराफ्यात आम्ही रात्री भुट्ट्याचा कीस खायला जातो, तिथे मी भर दुपारी मिठाची पुडी आणि पाण्याची बाटली घेऊन ओळखीच्या पेढीवर गेलो. शेठजींनी हसत दोन्ही तोलून दिले आणि म्हणाले, "भिया, सोना तोलते-तोलते आज नमक भी तोल दिया." घरी येऊन पाहतो तो रेषा 37 वर. म्हणजे मी ज्याला 35 समजत होतो ते पाणी जेमतेम 33 होते. माशांना त्याने काही झाले नाही हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, तरी मोजण्यासाठी घेतलेल्या वस्तूने सहा महिने चुकीचे मोजावे, हे मला बरेच दिवस टोचत राहिले.

जुळवून घेतल्यानंतर मात्र उपकरणाने किंमत वसूल करून दिली. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात, टाकीवर पंखा लावलेला असताना, रोज तीन लिटरपर्यंत पाणी उडते आणि मीठ तेवढेच मागे राहते. आम्ही चार दिवस पुण्याला लग्नाला गेलो, तेव्हा शेजारच्या कुलकर्णी काकूंना खाद्य नीट समजावून सांगितले, पण पाणी भरायला सांगायचे राहिले. परतलो तेव्हा वाचन 37 होते. उडालेल्या पाण्याची भर बिनमिठाच्या आरओ पाण्यानेच करायची असते, आणि तीही एकदम नव्हे. दोन दिवसांत थोडी थोडी करून मी ते 35 वर आणले. मागच्या महिन्यात नवा मासा आणला तेव्हा पिशवीतल्या पाण्याचे वाचन 27 आले. काही विक्रेते परजीवी आटोक्यात राहावेत आणि मिठाचा खर्च वाचावा म्हणून क्षारता कमी ठेवतात. कमी खारट पाण्यातून एकदम जास्त खारट पाण्यात जाणे माशाला जड जाते, त्यामुळे त्या दिवशी बारीक नळीने थेंब थेंब पाणी सोडत आम्ही दोन तास बसून होतो.

तक्रारी आहेत. झाकणाच्या बिजागरीचा स्क्रू दहाव्या महिन्यात गंजला, डोळ्याकडचे रबर फाटले आहे, आणि जुळवणीचा पेचकस इतका बारीक आहे की सतरंजीवर पडला तर संध्याकाळ त्यातच जाते. विजेच्या वहनावर चालणारा हॅना कंपनीचा डिजिटल टेस्टर मी मित्राकडे पाहिला आहे; अंक वाचायला तो सोयीचा आहे, पण त्याचीही जुळवणी वेळोवेळी करावीच लागते आणि किंमत आमच्या उपकरणाच्या कितीतरी पट आहे. सुटे झाकण मिळेल का, असे विक्रेत्याला विचारले तेव्हा त्याने नवीनच घ्या म्हणून सांगितले. सध्या झाकण रबरबँडने बांधले आहे आणि काल सकाळचे वाचन 35 आहे.