आईचे श्रवणयंत्र : सहा महिन्यांनंतरचा अभिप्राय

आईसाठी कानामागे बसवायचे डिजिटल श्रवणयंत्र घेतले. प्रश्नाला भलतेच उत्तर मिळू लागले तेव्हा आम्हाला विस्मरणाची शंका आली होती. प्रत्यक्षात अर्धवट ऐकलेले शब्द जुळवण्यातच तिची शक्ती खर्च होत होती. सुरुवातीला भांड्यांचा आवाज तिला असह्य झाला, पण श्रवणतज्ज्ञांनी यंत्र दोनदा जुळवून दिल्यावर ती नातवाला बोलता बोलता थांबवून प्रश्न विचारू लागली. २०२३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या, ७० ते ८४ वयाच्या ९७७ जणांवरील ‘अचीव्ह’ चाचणीत श्रवणयंत्रामुळे बौद्धिक घसरणीत सरसकट फरक दिसला नाही. मात्र अशा घसरणीची जोखीम जास्त असलेल्या गटात यंत्र मिळालेल्यांची तीन वर्षांतील बौद्धिक घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. त्यामुळे यंत्राने स्मृतिभ्रंश टळतोच, असे मी म्हणणार नाही. बॅटरीचे बारीक झाकण थरथरत्या बोटांनी उघडता येत नाही, ही मोठी उणीव आहे.