रंगीत लेन्स की आतली चकती?

हापूसच्या पेट्या टेम्पोवर बांधताना रबरी दोरीचा हुक निसटला आणि माझ्या उजव्या डोळ्यावर बसला, त्याला आता पाच सीझन झाले. माराने मोतीबिंदू झाला, तो काढून कृत्रिम भिंग बसवलं, नजर बऱ्यापैकी परत आली. गेली ती बाहुलीभोवतीची तपकिरी चकती, आयरिस. डॉक्टर ती घड्याळाच्या आकड्यांवर मोजतात. माझी 12 पासून 5 पर्यंत नाहीशी. आपल्याकडे या अवयवाला धड नावही नाही. बुबुळ म्हणावं तर अर्धं देवगड सांगतं, नेत्रदानातून मिळेल की. ते बुबुळ म्हणजे पुढची पारदर्शक काच, कॉर्निया. पडदा म्हणावं तर लोकांना मागचा रेटिना वाटतो. परितारिका हा शब्द शाळेच्या पुस्तकाबाहेर मी कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही.

उजेडाचा त्रास काय असतो ते ज्याला आहे त्याला सांगायला नको. त्याचं एक कारण मात्र मला उशिरा कळलं. आत बसवलेल्या भिंगाचा मधला कामाचा भाग साधारण 6 मिमीचा असतो. चकती नसली की त्याच्या कडेबाहेरूनही उजेड घुसतो, म्हणून समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याला शेपूट फुटतं. काळ्या चष्म्याने उजेड कमी होतो, शेपूट तसंच राहतं. मी आपला उन्हात एक डोळा मिटून चालायचो. बंदरावर एका मासेवालीने चारचौघांत विचारलं, "मेल्या, डोळो कोणाक मारतंस?" तेव्हा ठरवलं, काहीतरी करायला हवं.

टाके घालून उरलेली चकती ओढून बाहुली लहान करता येते. चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांची एकदाच सुई घालून चार वेढ्यांची गाठ मारायची पद्धत त्यातलीच. तुमचं त्यात भागत असेल तर तेच करा. पण शिवायला कापड पुरेसं हवं, माझ्याकडे ते नव्हतं. मग उरल्या दोन वाटा.

पहिली, आयरिस रंगवलेली कॉन्टॅक्ट लेन्स. ती मी पावणेदोन वर्षं वापरली. रंग इतका जुळला होता की आईने पहिल्या दिवशी नीट पाहून चुकीच्या डोळ्याला "हो बरो झालो" म्हटलं. ऑपरेशन नाही, खर्च हजारांतला, नको वाटली तर काढून ठेवा. ऑफिसात एसीत बसणाऱ्याला मी आजही आधी हीच सुचवेन.

माझं घोडं अडलं बोटांपाशी. लेन्स रोज बोटाने घालायची, रोज बोटाने काढायची, आणि एप्रिल-मेमध्ये माझी बोटं माझी नसतात. देठ मोडला की आंब्याचा चीक उडतो. कातडी भाजते, डाग काळे पडतात, नखाच्या कडेला तो दिवसभर बसून राहतो. दोनदा साबण लावायचो, खोबरेल चोळायचो, पुन्हा साबण. तेलाचा अंश राहिला तर लेन्स धुरकट, चिकाचा राहिला तर विचारूच नका. एकदा संध्याकाळी पाचशे फळं उतरवून आलो आणि ओट्यावर बसून लेन्स काढायला बोट लावलं. डोळ्यात निखारा ठेवल्यासारखं झालं. बायको तांब्याभर विहिरीचं पाणी घेऊन धावली. जळणारा डोळा धुवायला पाणी हवंच, पण लेन्सला विहिरीचं पाणी वर्ज्य. त्यातल्या अकँथामिबासारख्या जंतूने कॉर्निया सडू शकतो. डोळा धुतला, ती लेन्स फेकून दिली. नवी येईपर्यंत पंधरा दिवस पुन्हा एक डोळा मिटून.

तेव्हा दुसऱ्या वाटेचा, ऑपरेशन करून डोळ्याच्या आत बसवायच्या कृत्रिम चकतीचा विचार केला. जर्मनीतल्या एरलांगेनची ह्युमनऑप्टिक्स कंपनी ती सिलिकॉनची बनवते, दुसऱ्या डोळ्याच्या फोटोवरून हाताने रंगवून. मूळ व्यास 12.8 मिमी, सर्जन ती मापाने कापतो, घडी करून छोट्या छेदातून आत सरकवतो. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणं तपासणाऱ्या सरकारी संस्थेने, 30 मे 2018 ला तिला मान्यता दिली. त्याआधीच्या अभ्यासात 389 रुग्ण होते. 70 टक्क्यांहून जास्त जणांनी उजेडाचा त्रास बराच कमी झाल्याचं सांगितलं आणि 94 टक्के चकतीच्या रूपावर खूश होते. मीही ती बसवून घेतली. माझं माप साधं आहे: दुपारी बाराला कातळावरून दोन्ही डोळे उघडे ठेवून घरी येतो.

आता दुसरी बाजू. खर्च लाखांत जातो, आणि चकती बनून यायला आठवडे लागतात. आतला दाब वाढू शकतो, कॉर्निया सुजू शकतो. मला चार महिने दाबाचे थेंब घालावे लागले आणि तपासणी जन्मभराची आहे. स्वतःचं भिंग शाबूत असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही. आणि धडधाकट डोळ्याचा नुसता रंग बदलायला जे रोपण करतात, ते वेगळं प्रकरण. काचबिंदू विकत घेण्यासारखं.

या चकतीची बाहुली 3.35 मिमीला कायमची थांबते. थेंब घालून ती मोठी होत नाही, त्यामुळे रेटिनाचे डॉक्टर दरवेळी कुरकुरतात. रात्री चोरांपासून बाग राखायला जाताना उजवी बाजू अंधारी वाटते, म्हणून मोठी बॅटरी नेतो. लेन्सची बाहुलीही छापील, तीही हलत नाही, पण ती निदान रात्री काढून ठेवता येते हे मान्य. तरी मला कुणी पुन्हा निवडायला सांगितलं तर बोटं मध्ये न येणारीच वाट धरेन. तुमची बोटं कोरडी राहत असतील तर गणित वेगळं येईल, कदाचित.

एक मात्र नक्की सांभाळा. फोटो धड डोळ्याचा, बाहुली नेहमीची असताना काढायचा असतो. मी रात्रभर कोकणकन्येने मुंबई गाठली, आणि तिथल्या दवाखान्यात सवयीने दोन्ही डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब आधीच घालून टाकले. फोटोत चकतीची नुसती बारीक किनार आली. पुन्हा कणकवली, पुन्हा मुंबई. तेव्हा कुणी बाटली घेऊन जवळ आलं, तर मान वर करण्याआधी विचारा, फोटो झाला का.