शिंपल्यांची भुकटी की राखेचं सिमेंट?

बडोद्याच्या दांडिया बाजारात जुनं घर पाडून नवं बांधणारे एक काका परवा विचारत होते, "शिंपल्यांच्या भुकटीने सिमेंट वाचतं म्हणे, स्लॅबमध्ये घालू का?" त्यांना सांगितलं तेच इथे लिहितो.

शिंपला म्हणजे जवळपास निव्वळ कॅल्शियम कार्बोनेट, चुनखडीचाच भाऊ. १०० किलो कॅल्शियम कार्बोनेट पूर्ण भाजलं की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. शिंपले न भाजता दळून वापरले की तो वाचतो, किनाऱ्यावरचे ढीगही हटतात. हे व्हावं असं मला मनापासून वाटतं. पण न भाजलेली भुकटी स्वतः फारसं बांधत नाही, सिमेंटच्या कणांमधल्या फटी भरते. सिमेंटच्या जागी ५ ते १० टक्क्यांपुढे गेलात की ताकद सहसा उतरू लागते.

औष्णिक केंद्रातल्या राखेचं तसं नाही. सिमेंट भिजताना सुटणाऱ्या चुन्याशी ती संयोग पावते आणि बंध वाढवते. म्हणून पीपीसीच्या, म्हणजे राख मिसळलेल्या पोर्टलँड पोझोलाना सिमेंटच्या, गोणीत ती १५ ते ३५ टक्के असते. चिमटीत धरा, टाल्कम पावडरसारखी निसटते. कण गोल असल्याने माल सहज पसरतो. खोट एवढीच की ती सावकाश पिकते. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे, आयएस ४५६ प्रमाणे, अशा सिमेंटला किमान १० दिवस पाणी हवं. बडोद्याच्या मे महिन्यात मी १४ दिवस गोणपाटं ओली ठेवतो.

शिंपल्यांचं न धुतलेलं पोतं उघडा, आधी कुजका वास येतो. मांसाचे अंश सिमेंटचं बसणं बिघडवू शकतात आणि मिठातलं क्लोराइड सळई गंजवतं. गोड्या पाण्याने धुणं, वाळवणं, दळणं आणि समुद्रावरून इथवरचं भाडं, हे सगळं हिशेबात धरा.

भाजलेली चिनी माती, म्हणजे मेटाकाओलिन, सोबत असेल तर गणित बदलतं. तिच्यातलं अॅल्युमिना कार्बोनेटशी जुळतं आणि भुकटीही थोडं काम करू लागते. चुनखडी आणि भाजलेल्या मातीच्या सिमेंटला २०२३ मध्ये भारतीय मानकही मिळालं, पण ते चुनखडीचं आहे, शिंपल्यांचं नव्हे. सिलिका फ्यूम, म्हणजे सिलिकॉनच्या भट्ट्यांतली अतिबारीक धूळ, महाग, साध्या घराला नको.

स्लॅब, कॉलम, बीमला सरळ पीपीसी घ्या, त्यात वरून कसलीही भुकटी मिसळू नका. सळई नसलेल्या अंगणाच्या ठोकळ्यांत सिमेंटच्या जागी धुतलेल्या शिंपल्यांची ५ टक्के भुकटी जरूर घाला; आधी त्याच मालाचे तीन क्यूब, म्हणजे चाचणीचे चौकोनी ठोकळे, भरून २८ दिवसांनी फोडून बघा. काकांचे क्यूब सध्या पाण्याच्या टाकीत आहेत.